बेडशाला जाताना तारीख सोबत ठेवा

काळात मागे जायचं पक्कं केलं असेल, तर निघण्याआधी एक हिशेब करून घ्या. तुम्ही आत्ता बेडशाच्या कोरीव लेण्यात, चैत्यगृहाच्या दारात उभे आहात. चारशेच्या आसपास पायऱ्या चढून आल्यामुळे पाठ घामानं भिजलीय आणि खाली पवन मावळ उघडा पडलाय. मोबाइलवर अक्षांश-रेखांश दिसताहेत. तेच आकडे यंत्रात भरून २०५० वर्षं मागे गेलात, तर लेणं सापडायचं नाही. तुम्ही डोंगराच्या पुढच्या उतारावर, हवेत अधांतरी अवतराल आणि पडाल. लेणं तुमच्या नैर्ऋत्येला शंभर मीटरवर असेल.

बेडशाचा डोंगर चाललाय. त्याच्याबरोबर लोहगड, तुंग, तिकोना, पुणं, मुंबई, सगळं द्वीपकल्पच चाललंय. पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेल्या चौकटीतून पाहिलं तर आपला भूपट्ट ईशान्येकडे सरकतो, वर्षाला पाच सेंटिमीटरच्या थोडं वर. २०५० वर्षांनी गुणा. शंभर मीटर भरून वर थोडे उरतात. लेण्याचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे तुमचे आजचे आकडे त्या काळी लेण्यापुढच्या मोकळ्या हवेचे होते. उलट पुढच्या काळात जाल तर डोंगर तुमच्या अंगावर चालून आलेला असेल आणि तुम्ही थेट कातळाच्या पोटात. पुढे जाण्याचा बेत तूर्त रहित करा.

म्हणून भूगणितवाले कुठल्याही खुणेचं स्थान लिहिताना शेजारी तारीख लिहितात. हे स्थान अमुक वर्षाच्या अमुक दिवसाचं, असं. ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट तर आपल्यापेक्षाही जोरात धावतो. तिथल्या सरकारनं १९९४ च्या तारखेला बांधलेले देशाचे अधिकृत अक्षांश-रेखांश पुढं २०२० च्या तारखेला आणले, तेव्हा सगळा देश नकाशावर १.८ मीटर सरकवावा लागला.

तर नैर्ऋत्येला शंभर मीटरची दुरुस्ती घाला आणि मागे जा.

आता कानावर टाकीचा आवाज येतोय. इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. चैत्यगृहासमोर कातळाची भिंत पुरती फोडलेली नाही, मधून जेमतेम वाट ठेवलीय; आजही तुम्ही त्याच बोळातून आत शिरता. पलीकडे मान वर करावी लागेल असे खांब. तळाशी घडा, त्यातून उगवलेला अष्टकोनी दांडा, वर उलट्या कमळाची घंटा आणि त्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी. काम वरून खाली येतं. आधी छत, मग खांबांची डोकी, जमीन सगळ्यात शेवटी, म्हणजे परांचीची वेगळी गरज लागत नाही. एका पाथरवटानं वरून ओळंबा सोडलाय आणि खांबाची कड त्या दोरीशी ताडून पाहतोय. दोरी थरथरते, तो थांबतो. पुन्हा पाहतो. केसभर फरक आहे. टाकी उचलतो.

ओसरीतल्या एका खोलीच्या दारावर दात्याचं नाव कोरलं जाईल: नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुष्पणक. बाहेरच्या पाण्याच्या टाक्यावर महारठिणी सामडिनिकेचं. लहानशा स्तूपावर अरण्यात राहणाऱ्या, भिक्षेवर जगणाऱ्या गोभूती नावाच्या भिक्खूचं. नाशिकचा माणूस इथं पैसे देतो याचं कुणाला नवल नाही. बोरघाटातून माल चढतो, माणसं ये-जा करतात, बातमी पोचते.

त्या पाथरवटाला सांगून पाहा, की बाबा, तू खांब ओळंब्यात आणतोयस खरा, पण हा अख्खा डोंगर चाललाय. तो तुमच्याकडे पाहील आणि दोरीकडे बोट दाखवील. दोरी सरळ, खांब सरळ. आणि त्याचंच बरोबर आहे. शंभर मीटर प्रवास होऊनही ते खांब एकमेकांपासून तितक्याच अंतरावर उभे आहेत. सगळं मिळून सरकलं तर काहीच मोडत नाही. मोडतोड होते ती शेजारचे दोन तुकडे वेगवेगळ्या चालीनं सरकले तर. भूकवचाचं विरूपण म्हणतात ते हे. संशोधक ज्याच्या मागे आहेत ती गोष्ट शंभर मीटरांत नाही. दोन खुणांच्या चालीतल्या मिलिमीटरभर तफावतीत आहे.

जाता जाता एक. भाज्याच्या लेण्यात गेलात तर तिथले खांब आत कललेले दिसतील आणि कुणीतरी शेजारी उभं राहून ‘भूकंपानं झालं’ असं खात्रीनं सांगेल. ऐकून घ्या आणि सोडून द्या. लाकडी सभागृहाचे खांब छपराचा भार पेलायला तिरके रोवत, दगडात त्याचीच नक्कल केलीय. जुन्या वास्तूच्या कलण्यावरून जमिनीचं चरित्र सांगायचा मोह फार वाईट.

आता १९६७. दुरुस्ती तीनच मीटरची. ११ डिसेंबरची पहाट, तुम्ही बेडसे गावातल्या एका घरात घोंगडी पांघरून पडलाय. चार वाजून एकवीस मिनिटं झाली तेव्हा दीडशे किलोमीटर दक्षिणेला कोयनेच्या खोऱ्यात खडक फाटला. तुम्हाला अजून काही कळलेलं नाही. पंचवीसेक सेकंद जातात. आधी एक गुरगुर, मग आणखी पंधरा-वीस सेकंदांनी आडवा हेलकावा. मांडणीवरची भांडी वाजतात, गोठ्यातली जनावरं दाव्याला ओढ देतात. बाहेर कुणीतरी देवाचं नाव घेतं. तिकडे कोयनानगरात घरं जमीनदोस्त झालीत. दीडशेहून अधिक माणसं गेलीत, आणि १९६२ पासून पाणी साठत आलेल्या धरणाच्या भिंतीला तडे पडलेत. भूकंपाची तीव्रता ६.३. दोनाचीवाड्याजवळ जमिनीला तिरक्या, एकापुढे एक अशा भेगा पडल्या. एक बाजू दुसरीच्या तुलनेत डावीकडे सरकल्याची ती खूण.

खरा प्रश्न त्या पहाटेनंतरचा. आदल्या दहा वर्षांत ही जमीन हळूहळू ताणली जात होती का? कुठून कुठवर? उपग्रहांकडे विचारावं तर तशी मोजणी करणारे उपग्रहच नव्हते. भूकंपमापक हादरा नोंदवतो. हादऱ्याआधीचा मुका ताण त्याला ऐकू येत नाही. कोयनेत तेव्हापासून आजपर्यंत लहानमोठे धक्के थांबलेले नाहीत, आणि ते जवळजवळ सगळे वीस-तीस किलोमीटरच्या एका पट्ट्यातच होतात. म्हणूनच जगभरातले भूवैज्ञानिक तिथं येतात. पाण्याचा भार आणि खडकात मुरणारं पाणी जुन्या प्रस्तरभंगाला डिवचतात, इतपत एकमत आहे. त्यापुढचं मोजायचंय.

खडक कुठला, ते बघायला आणखी मागे चला. ६ कोटी ६० लाख वर्षं. इथं सरळ गुणाकार करू नका. आजच्या चालीनं साडेतीन हजार किलोमीटर येतील आणि तुम्ही भलत्याच समुद्रात बुडाल. आपला भूपट्ट तेव्हा वर्षाला पंधरा सेंटिमीटर आणि त्याहूनही वेगानं उत्तरेला पळत होता. पुढं आशियाला धडकला, हिमालय उचलला आणि दमला. खरं अंतर पाच हजार किलोमीटरच्या वर. मावळ विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला आहे, तीस अंशांच्या आसपास. दुरून पाहा, जवळ जाऊ नका. लाव्हा अकराशे-बाराशे अंशांवर आहे. एक थर वाहतो, निवतो. त्यावर ऊन-पावसानं लाल माती धरते, झाडोरा येतो, मग दुसरा थर येऊन ती माती भाजून काढतो. घाटातल्या कापलेल्या कड्यात विटकरी पट्टे दिसतात ते हेच. थराच्या माथ्यावर वायूचे बुडबुडे अडकलेत. पुढं लाखो वर्षं त्यांत पाणी झिरपेल आणि झिओलाइटचे पांढरे स्फटिक धरतील. लोणावळ्याकडच्या खाणींत ते आजही निघतात. थराचा मधला भाग मात्र घट्ट, एकजीव. पाथरवटांनी लेण्यासाठी नेमका तो शोधला.

पण हा बेसॉल्ट म्हणजे वरचं झाकण. भूकंपाच्या किल्लारीला ते जेमतेम साडेतीनशे मीटर जाड निघालं. कोयना परिसरात गोठण्याजवळ संशोधनासाठी खणलेलं तीन किलोमीटर खोल विवर २०१७ मध्ये पुरं झालं. तिथं सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइस लागला, अब्जावधी वर्षांचा. भूकंप त्या खालच्या जुन्या खडकात जन्म घेतात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते तेव्हा, किल्लारीच्या भूकंपानं हे सगळ्या देशाला कळलं. द्वीपकल्प म्हणजे अढळ, हा समज शाळेच्या पुस्तकांतून काढावा लागला. दक्षिण भारतात १८६० च्या दशकात ब्रिटिश सर्वेक्षकांनी रोवलेल्या त्रिकोणमितीच्या खुणा १९९४ मध्ये जीपीएसनं पुन्हा मोजल्या गेल्या, तर १३० वर्षांत त्यांच्यातल्या त्रिकोणांचा आकार जवळपास तसाच निघाला. म्हणजे एकूणात घट्ट, आणि तरी किल्लारी झाली. ही विसंगती पचवणं अवघड आहे, आणि माझ्या मते या विषयातली खरी गोडी तीच.

आता २००० च्या आसपास या. दुरुस्ती सव्वा मीटरची. म्हणजे कळशी ठेवलेल्या जागेवरून दोन पावलं सरकल्यासारखी.

मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले सी. डी. रेड्डी आणि टोकियो विद्यापीठातल्या भूकंप संशोधन संस्थेतले तेरुयुकी कातो यांच्या गटानं दख्खनच्या पठारावर जीपीएस मोजणी करून भूकवचाच्या ताणाचा नकाशा २००० मध्ये प्रसिद्ध केला. पवईच्या आयआयटीत माधव कुलकर्णी यांचा गट कोयना परिसरात मोहिमा काढत होता, धरणाच्या भिंतीवरही जीपीएस लावून पाहत होता. अशा गटातले तुम्ही एक विद्यार्थी आहात असं समजा. बेडशाला त्यांची खूण आहे असा माझा दावा नाही. आपण कल्पनेत ती इथं रोवतोय. लेण्यात रोवता यायची नाही, स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. म्हणून खालच्या माळावर उघडा कातळ बघितलाय. मुरूम नको, माती नको, दरडीची बाजू नको. खालच्या खडकाशी नाळ जोडलेला दगड हवा.

कातळाला भोक पाडून स्टीलची खुंटी बसवलीय. तिच्या डोक्यावर टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका. त्यावर तिपाई, तिपाईवर ताटलीएवढा अँटेना. आता तुम्ही गुडघ्यावर बसून अँटेनाचा मध्य त्या ठिपक्याच्या नेमका वर आणताय. एक पाय किंचित आत, बुडबुडा मधोमध, पुन्हा खाली डोकावून पाहा. ठिपका सुटला. पुन्हा. इथं मिलिमीटरची चूक झाली, तर वर्षभर जमिनीनं काय केलं ते त्या चुकीखाली गाडलं जाईल. मग अँटेनाची उंची तीन बाजूंनी मोजून वहीत लिहायची. रिसीव्हर सुरू, दर तीस सेकंदांना एक नोंद, वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून. तीन दिवस, तीन रात्री. वीज गाडीच्या बॅटरीची, राखण तुमची.

संध्याकाळी शेरडं घेऊन एक म्हातारबाबा येतात. थोडा वेळ नुसतेच बघतात. मावळात अनोळखी माणूस तिपाई लावून बसला की कुणालाच बरं वाटत नाही. धरण झालं ते मोजणीनंतर, द्रुतगती मार्ग आला तोही मोजणीनंतर.

“काय वो सायेब, जमीन मोजताय?”

“नाही बाबा. डोंगर हलतो का ते बघतोय.”

“डोंगर कुठं चाललाय?”

“तिकडं. ईशान्येला. वर्षाला तीनेक बोटं.”

म्हातारबाबा डोंगराकडे बघतात, मग तुमच्याकडे. “आन माजा बांध?”

“तोही बरोबरच चाललाय.”

“आन शेजाऱ्याचा?”

“त्याचाही. तेवढाच.”

“मंग भांडान कशाचं ऱ्हायलं?”

शंभर पानांच्या प्रबंधाची प्रस्तावना त्यांनी एका वाक्यात उरकलीय. दोन्ही बांध तेवढेच सरकले तर भांडण नाही. तुम्ही आलाय ते भांडण शोधायला. तेवढं सांगितल्यावर बाबा मान हलवतात आणि कामाचं बोलतात: खुंटी पितळेची नाही ना? पितळेची असेल तर होळीपर्यंत राहायची नाही, पोरं उपटून भंगारात घालतील. स्टीलची आहे म्हटल्यावर ते शेरडं वळवतात.

पुढच्या वर्षी त्याच हंगामात, त्याच ठिपक्यावर पुन्हा. त्याच्याही पुढच्या वर्षी पुन्हा. मधल्या काळात पवईला रात्री दोन वाजता गॅमिट नाहीतर बर्नीज नावाच्या प्रणालीत आकडे चालवत बसायचं. बेंगळूरचं कायमस्वरूपी केंद्र, जगभरातली आणखी केंद्रं, उपग्रहांच्या अचूक कक्षा, सगळं एकत्र घालायचं. पहिला निकाल सोपा येतो आणि उगाच छाती फुगवतो: खूण ईशान्येला पाच सेंटिमीटर. हे सगळ्यांनाच मिळतं. ती एकत्रित चाल वजा करा. आता उरलेला बाण एवढासा आहे की नकाशावर दिसायला तो हजार पटींनी मोठा काढावा लागतो, आणि त्याच्या टोकाभोवतीचं त्रुटीचं वर्तुळ बाणालाच गिळून बसलंय. वर्तमानपत्राला ‘सह्याद्री सरकतोय’ असा मथळा देता येईल. तो खरा असेल आणि त्यातून काहीही कळणार नाही.

खेड्यापाड्यांत लोक जे विचारतात ते वेगळंच असतं: आमच्या वरची दरड कधी येणार? ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडी. हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर या खुंटीपाशी नाही. दरड म्हणजे वरच्या कुजलेल्या खडकाचं आणि मातीचं पावसानं सुटणं. भूकवच म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटरची कथा. तुमची खुंटी मुद्दाम दरडीपासून लांब रोवलेली आहे.

दरडीच्या उताराकडे बघायला आता दुसरे डोळे आहेत. रडारचा उपग्रह त्याच जागेवरून ठरावीक दिवसांनी जातो, खाली लहरी सोडतो आणि परतलेल्या लहरीची कला आधीच्या खेपेशी ताडून पाहतो. एका फेरीत जमीन आणि उपग्रह यांतलं अंतर अर्ध्या तरंगलांबीनं बदललं की चित्रात एक पूर्ण रंगपट्टा उमटतो. युरोपच्या सेंटिनेल-१ ची तरंगलांबी ५.६ सेंटिमीटर, म्हणजे पट्टा २.८ चा. ढगांचं त्याला काही नाही. अडचण मावळातल्या हिरवाईची. पावसाळ्यात गवत कमरेला येतं, कारवी माजते, आणि दोन खेपांतलं साम्य पुसून जातं. चित्र म्हणजे नुसती रंगीत रांगोळी विस्कटलेली. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार उपग्रह २४ सेंटिमीटरच्या लांब लहरीही वापरतो. त्या पानांतून बऱ्याच खाली उतरतात. दर बारा दिवसांनी तो परततो. सह्याद्रीसारख्या ओल्या, हिरव्या डोंगरासाठी या गोष्टीची वाट पाहिली जात होती.

दरम्यान महाराष्ट्रात भूमी अभिलेखचा मोजणीवाला साखळी सोडून रोव्हर घेऊन शिवारात यायला लागलाय. तो टेकतो ते कायम चालू असलेल्या उपग्रह-केंद्रांच्या जाळ्यावर. बांधाच्या तंट्यासाठी उभारलेली ती केंद्रं रात्रंदिवस नोंदी घेतात. कुणी विद्यार्थ्यानं पाच-दहा वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या, तर तीन रात्री माळावर बसून जे मिळायचं नाही ते त्यातून मिळेल. म्हातारबाबांचा पहिला संशय असा उलटा फिरून खरा ठरला म्हणायचा.

पुन्हा तुमच्या खुंटीकडे. आता तुम्ही चौथ्या वर्षात आहात. खुंटीच्या उंचीचा आलेख पडद्यावर आहे आणि त्याला लाट आलीय. मार्च-एप्रिलमध्ये वर, सप्टेंबरात खाली, काही मिलिमीटरचा फरक. यंत्र बिघडलं असं आधी वाटतं. मार्गदर्शक शांतपणे पवना धरणाचा भरण्याचा तक्ता पुढं करतात. चार महिन्यांत डोंगरावर पडलेलं, मातीत मुरलेलं, धरणात साठलेलं पाणी. त्या वजनानं मावळ दबतो आणि उन्हाळ्यात भार उतरला की पुन्हा वर येतो. दरवर्षी. तुम्हाला हवा असलेला आडवा मिलिमीटर या उभ्या श्वासाच्या आणि हवेतल्या बाष्पामुळे रेंगाळणाऱ्या लहरींच्या आत कुठेतरी आहे. आधी पावसाचं वजन वजा करायचं, मग बाष्प, मग समुद्राच्या भरती-ओहोटीनं किनाऱ्याला येणारा बाक. मार्गदर्शक विचारतात, शिष्यवृत्ती किती दिवस उरलीय. तुम्ही सांगता. ते म्हणतात, या जूनआधी आणखी एक फेरी करून या, आणि जाताना बॅटऱ्या दोन न्या.